स्वतःचा मृत्युलेख स्वतःच लिहून ठेवायचा, म्हणजे नक्की काय करायचं?

माझी आत्या रात्री पावणेतीनला गेली. सकाळी सातला आतेभावाला एका पेपरच्या वार्ताहराचा फोन आला की मजकूर आणि फोटो बारापर्यंत पाठवा, म्हणजे उद्याच्या अंकात घेतो. घरात पंधरा माणसं होती, कुणी हार आणायला गेलेलं, कुणी पुण्याहून निघालेल्यांना फोन लावत होतं, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आम्ही तिघं भावंडं आत्याबद्दल चार ओळी लिहायला बसलो. ती नोकरीला कुठल्या साली लागली? कुणालाच माहीत नाही. पहिली शाळा कुठली? एक म्हणाला जत, दुसरा म्हणाला आटपाडी. नीट फोटो सापडेना, शेवटी एका लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा कापून घेतला, त्यात बाजूच्या बाईचा खांदा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी छापून आलं ते असं. अमुक यांच्या मातोश्री यांचे वृद्धापकाळाने निधन झाले, त्या ८१ वर्षांच्या होत्या, त्यांच्या पश्चात दोन मुले, सुना, मुलगी, जावई, नातवंडे, परतवंडे असा परिवार आहे, रक्षाविसर्जन अमुक दिवशी सकाळी नऊ वाजता. यात चूक काहीच नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलेली बाई त्यात कुठेच नव्हती. रक्षाविसर्जनाला एक साठीचे गृहस्थ आले, आम्ही कुणी ओळखत नव्हतो. म्हणाले, पेपरात फोटो बघून ओळखलं, नाव वाचून ओळखलं नसतं, शाळेत सगळे नुसतं बाई म्हणायचे. पाचवीत शाळा सोडून हे शेळ्या राखायला जात होते, तेव्हा बाईंनी घरी येऊन त्यांच्या वडिलांशी भांडून त्यांना परत वर्गात बसवलं. ही गोष्ट आत्याच्या स्वतःच्या मुलांनासुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

तेव्हापासून मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत असते की आपल्याबद्दलचा मजकूर आपणच लिहून ठेवा. पहिली प्रतिक्रिया बहुतेक वेळा "काहीतरीच काय" अशी असते आणि दुसरा प्रश्न असतो, म्हणजे मृत्युपत्र का? इथेच बराच गोंधळ आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते.

## चार वेगवेगळे कागद, चार वेगवेगळी कामं

निधन वार्ता म्हणजे पेपरात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या चारपाच ओळी. कोण गेलं, कधी, मागे कोण आहे, अंत्यविधी किती वाजता, एवढं कळवलं की तिचं काम झालं.

मृत्युलेख म्हणजे माणूस कसा जगला ते सांगणारा लेख. तो एक पान असेल नाहीतर दहा पानं. आचार्य अत्र्यांचे मृत्युलेख गाजले ते यामुळेच की गेलेला माणूस त्यात चालताबोलता दिसायचा. हा लेख आपला आपण जिवंतपणी लिहून ठेवायचा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

इच्छापत्र, ज्याला आपण मृत्युपत्र म्हणतो, हा पूर्ण वेगळा प्रकार आहे. घर, जमीन, पैसा, दागिने कुणाला जाणार हे त्यात लिहायचं. तो कायद्याचा कागद आहे. भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे लिहिणाऱ्याची सही लागते आणि कमीत कमी दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साधा कागद चालतो, रजिस्टर करणं सक्तीचं नाही, केलेलं मात्र बरं.

चौथा कागद म्हणजे लिव्हिंग विल. मी बेशुद्ध असेन, बरं व्हायची आशा नसेल, तर मला नुसतं मशीनवर ठेवू नका, असं आधीच लिहून ठेवणं. सुप्रीम कोर्टाने याला ९ मार्च २०१८ ला मान्यता दिली, पण प्रक्रिया इतकी किचकट होती की फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. मग जानेवारी २०२३ मध्ये कोर्टानेच ती सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर होतं. गोव्यात २०२४ मध्ये हायकोर्टाच्या तिथल्या खंडपीठाच्या एका न्यायमूर्तींनी स्वतःचं लिव्हिंग विल करून ठेवलं, त्यानंतर आपल्याकडे याची बरीच चर्चा झाली.

लग्नाचं उदाहरण घ्या. लग्नपत्रिका वेगळी आणि मॅरेज सर्टिफिकेट वेगळं. पत्रिकेला कोर्टात फारशी किंमत नाही, पण ती नसेल तर माणसं येणार कशी आणि कुणाचं लग्न आहे ते कळणार कसं. मृत्युलेख हा पत्रिकेच्या जातीचा कागद आहे, इच्छापत्र सर्टिफिकेटच्या. म्हणून मृत्युलेखात "माझी खोली धाकट्याला" असं चुकूनसुद्धा लिहू नका. त्याने धाकट्याला खोली मिळणार नाही, भांडण मात्र मिळेल.

## पेपरवाले हे कधीपासूनच करतात

आपल्याला विचित्र वाटतं ते वर्तमानपत्रांच्या ऑफिसात रोजचं काम आहे. दिवाळीला चकली ऐन वेळी तळतात, पण भाजणी आधी भाजून, दळून डब्यात भरून ठेवतात ना, तसंच. मोठ्या माणसांचे मृत्युलेख आधी तयार असतात, तारीख, ठिकाण आणि कारण तेवढं शेवटी घालायचं. न्यूयॉर्क टाइम्समध्ये एलिझाबेथ टेलरचा मृत्युलेख आला २०११ मध्ये आणि तो ज्याने लिहिला होता तो मेल गसो स्वतः २००५ मध्येच वारला होता. भाजणी करणारा गेला, चकली सहा वर्षांनी झाली.

कधीकधी हा डबा चुकून आधीच उघडतो. ऑगस्ट २००८ मध्ये ब्लूमबर्गकडून स्टीव्ह जॉब्सचा तयार मृत्युलेख चुकून बाहेर गेला, प्रत्यक्षात तो गेला ऑक्टोबर २०११ मध्ये. आपल्याकडे तर याहून मोठी गोष्ट घडलेली आहे. मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोकमध्ये होते, ते गेल्याची बातमी दिल्लीला पोचली आणि लोकसभेत त्यांना श्रद्धांजली वाहिली गेली. जेपी जिवंत होते. ते गेले त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला.

स्वतःबद्दल स्वतःच सांगून जाणारेही आहेत. आर्ट बुकवाल्ड नावाच्या अमेरिकन विनोदी लेखकाने न्यूयॉर्क टाइम्सला आधीच मुलाखत देऊन ठेवली होती, जानेवारी २००७ मध्ये तो गेल्यावर ती दाखवली, त्यात आपण नुकतेच वारलो हे तो स्वतःच कॅमेऱ्याकडे बघून सांगतो. युटा राज्यातल्या एका साध्या माणसाने २०१२ मध्ये आपल्या मृत्युलेखात कबूल केलं की १९७१ साली झालेली एक तिजोरीची चोरी त्याने केली होती आणि आपल्याला मिळालेली पीएचडीची पदवी कारकुनी चुकीने आली होती. ४१ वर्षं मनात ठेवलेलं त्याने तिथे खाली ठेवलं.

## पण ते मोठे लोक, माझ्याबद्दल काय लिहायचं?

हे वाक्य मी सगळ्यात जास्त बायकांच्या तोंडून ऐकलंय. मोठ्या माणसाबद्दल दहा जण लिहितात, कागदपत्रं असतात, गेला तरी माहिती कुठेतरी राहते. तुमच्या आईबद्दल कुठे काय लिहिलेलं आहे? रेशनकार्डावर, आधारवर आणि गॅसच्या पुस्तकावर नाव आहे, बाकी सगळं तिच्या डोक्यात आहे आणि डोकं गेलं की ते गेलं.

आणि बायका मृत्युलेखातून गळतात हे जगभर झालेलं आहे. न्यूयॉर्क टाइम्स १८५१ पासून मृत्युलेख छापतंय, पण त्यात पुरुषच जास्त आहेत हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा ८ मार्च २०१८ ला, महिला दिनी, त्यांनी राहून गेलेल्यांचे मृत्युलेख छापायला सुरुवात केली. पहिल्याच यादीत मधुबाला होती, गेल्यानंतर ४९ वर्षांनी. त्याच वर्षी पुढे पंडिता रमाबाईंचा आला. रमाबाई केडगावला १९२२ मध्ये गेल्या, म्हणजे ९६ वर्षांनी. जिने अमेरिकेत फिरून भाषणं दिली, विधवांसाठी शाळा आणि घर उभं केलं, तिलाही ९६ वर्षं थांबावं लागलं, तर आपल्या आत्या आणि मावश्या कुठे बसतात ते बघा.

आपल्या निधन वार्ता नीट वाचल्या तर कळतं. पुरुष गेला तर "निवृत्त वीज मंडळ कर्मचारी", "सोसायटीचे माजी चेअरमन" असं काहीतरी येतं. बाई गेली की ती कुणाच्या तरी पत्नी असते, कुणाच्या मातोश्री असते आणि "मनमिळाऊ स्वभावाच्या" असते. पन्नास वर्षं पहाटे पाचला उठून म्हशींचं दूध काढून डेअरीला घातलेलं असतं, त्याबद्दल एक शब्द नाही. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, त्याच्याकडे बारापर्यंतचाच वेळ असतो आणि समोर मागच्या आठवड्यात छापून आलेला दुसऱ्या कुणाचा तरी मजकूर असतो, तो त्यात नाव बदलतो.

## मग लिहायचं तरी काय?

एका कागदावर सगळं कोंबू नका, तीन तुकडे करा.

पहिला तुकडा निधन वार्तेचा, जसाच्या तसा पाठवता येईल असा. पूर्ण नाव, ज्या नावाने लोक ओळखतात ते नाव, गाव, माहेरचं गाव, काय काम केलं ते, मागे कोण कोण. स्पेलिंग आणि ऱ्हस्वदीर्घ स्वतः तपासा. सोबत तुम्हाला आवडलेला एक फोटो काढून ठेवा, एकट्याचा. फोटोचं लोक हसण्यावारी नेतात, पण तो फोटो पुढे तीस वर्षं भिंतीवर असणार आहे.

नावाच्या आधी काय लावायचं तेही लिहा. सौ., श्रीमती, गं. भा., यातलं काय लावावं यावर घरात ऐनवेळी वाद होतात. एप्रिल २०२३ मध्ये विधवांच्या नावाआधी गंगा भागीरथी लावायचा सरकारी विचार पुढे आला तेव्हा राज्यभरातून केवढा विरोध झाला ते आठवत असेल. माझ्या आईने सरळ लिहिलंय, माझ्या नावाआधी काही लावू नका, माझं नाव पुरे आहे.

दुसरा तुकडा म्हणजे खरा मृत्युलेख. इथे बहुतेक जण अडकतात कारण बायोडेटा लिहायला लागतात, जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती. तसं करू नका. आधी स्वतःला चार प्रश्न विचारा आणि बोलल्यासारखी उत्तरं लिहा. रोज हाताने काय काम केलं? कुणी मला अडचणीत हात दिला, ज्याचं नाव घरच्यांना माहीत नाही? कुठली गोष्ट जमली नाही आणि अजून सलते? मला कशात मजा यायची? मी आईला हे प्रश्न विचारले तर पहिल्या प्रश्नावर ती म्हणाली, काही नाही गं, घरकाम. मग म्हटलं बरं, शिलाई मशीन कुणाचं? तेव्हा कळलं की १९७९ साली तिने सेकंडहँड मशीन हप्त्याने घेतलं होतं, गल्लीतल्या पोरींचे शाळेचे फ्रॉक शिवून आम्हा दोघींच्या फिया भरल्या होत्या, आणि हप्त्याला जामीन राहिले होते ते कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका. मी त्या काकांसमोरून लहानपणी रोज शाळेत गेले आणि मला हे माहीतच नव्हतं.

स्वतःबद्दल "मी" म्हणून लिहायचं का "त्या" म्हणून? मला विचाराल तर "मी" लिहा. छापायचं असेल तर घरचे बदलून घेतील, पण "मी" लिहिलेलं वाचताना आवाज ऐकू येतो. आणि लिहायला जमत नसेल तर मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करा. आजकाल एआयला सांगून मजकूर करून घेता येतो, शुद्धलेखन तपासायला हरकत नाही, पण पूर्ण लेख त्याच्यावर सोडला तर तो परत "मनमिळाऊ, प्रेमळ, कुटुंबवत्सल" यावरच येतो, इस्त्रीवाले काका त्याला कुठून माहीत असणार.

तिसरा तुकडा सगळ्यात कोरडा आणि त्या रात्री सगळ्यात कामाचा, तो म्हणजे कळवायची यादी. कुणाकुणाला फोन करायचा, नंबरसकट. नातेवाईक घरचे कळवतातच, राहतात ते शाळेतले मित्र, जुन्या ऑफिसातले, भिशीतल्या बायका, भजनी मंडळ. माझ्या सासऱ्यांचा एक मित्र नागपूरला होता, दर दिवाळीला पत्र यायचं, त्यांना कुणी कळवलंच नाही आणि पुढच्या दिवाळीला सासऱ्यांच्या नावाने पत्र आलं. ते पत्र उघडताना घरात सगळ्यांना काय झालं ते मला सांगता येणार नाही.

## विधी कसे हवेत, हेही लिहायचं का?

हो, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दहावं, बारावं, तेरावं करायचं का, का त्या पैशात शाळेला काही द्यायचं, अस्थी नदीत सोडायच्या का झाडाच्या मुळाशी घालायच्या, हे तुम्ही लिहिलेलं नसेल तर ते घरातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस ठरवतो. लिहिलेलं असेल तर मुलगा किंवा मुलगी तो कागद दाखवून म्हणू शकते की ही त्यांची इच्छा आहे. त्या कागदाला कायद्याचं बळ नसेल, पण दुःखाच्या घरात गेलेल्याच्या शब्दाला जे वजन असतं ते फार मोठं असतं.

यात एक ओळ अशी आहे जी प्रत्येक विवाहित पुरुषाने आज लिहावी. माझ्यानंतर माझ्या बायकोचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायला लावायची नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून सांगितलं. करमाळ्याच्या एका सामाजिक कार्यकर्त्याने तर जिवंतपणीच स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की माझ्या मरणानंतर माझ्या पत्नीवर हे काही लादू नये. ठराव गावाने करायचा तो करेल, पण त्या दिवशी अंगणात दहा बायका तिला धरून बसलेल्या असतात, तिच्यात बोलायचं त्राण नसतं, तेव्हा तिच्या बाजूने बोलू शकेल असा एकच माणूस असतो आणि तोच गेलेला असतो. त्याने आधी लिहून ठेवलं असेल तर तो तेव्हाही बोलू शकतो.

## काही गोष्टी तासांत करायच्या असतात

नेत्रदान करायचं असेल तर मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, जितकं लवकर तितकं चांगलं. डोळे मिटलेले ठेवायचे, पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि नेत्रपेढीला फोन लावायचा, टीम घरी येते. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, डायबेटिस असला तरी सहसा चालतं. फॉर्म भरलेला असला तरी ऐनवेळी घरच्यांची संमती लागतेच, आणि फॉर्म भरलेला नसला तरी घरचे देऊ शकतात.

म्हणून ही इच्छा इच्छापत्रात लिहून कपाटात बंद करून ठेवली तर उपयोग शून्य. तेराव्यानंतर पाकीट उघडून "माझे डोळे दान करा" वाचणारी घरं आहेत आणि ते वाचल्यावर त्यांना लागलेली चुटपुट आयुष्यभर जात नाही. देहदानाचंही तसंच, जवळच्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागाचा नंबर लिहून ठेवा. अपघात किंवा पोस्टमॉर्टेम झालं तर देह सहसा घेत नाहीत, तेव्हा दुसरा पर्यायही लिहा. या ओळी कागदाच्या सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात.

## हा अपशकुन नाही का?

मरणाची तयारी हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही. काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू आपल्या किती देवघरांत आहे, तो कशासाठी ठेवतात ते घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं. जुन्या बायका शेवटचं लुगडं पेटीत वेगळं काढून ठेवायच्या आणि सुनेला सांगून ठेवायच्या की ते हिरवं. संन्यास घेताना माणूस स्वतःचं श्राद्ध स्वतःच्या हाताने करतो. ही सगळी माणसं त्यानंतर वर्षानुवर्षं जगली. एलआयसीचा फॉर्म भरताना नॉमिनीचं नाव आपण लिहितोच, तेव्हा कुणी थू थू म्हणत नाही.

जपानमध्ये तर शेवटच्या तयारीच्या वह्याच दुकानात मिळतात, त्यांना ते एंडिंग नोट म्हणतात, त्यात निरोप, विधी, बँक, औषधं, कुणाला कळवायचं सगळं भरायला रकाने असतात.

## मुलांना वाईट वाटेल, त्याचं काय?

वाटतं. माझ्या आईने कागद वाचून दाखवला तेव्हा मला तिसऱ्या ओळीला रडू आलं आणि मी उठून चहा टाकायला गेले. पण त्या रडण्यात ती समोर होती, मी तिला विचारू शकले की अगं हे तू कधी सांगितलं नाहीस. आत्याच्या वेळी विचारायला कुणी नव्हतं.

विषय काढायचा कसा हा खरा अवघड भाग. आईवडिलांना थेट "तुमचा मृत्युलेख लिहा" म्हणू नका, दुखावतील. पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शनाचं निमित्त घ्या, म्हणा त्या दिवशी वाचायला तुमच्याबद्दल लिहायचंय, बसा जरा. किंवा आधी तुमचा स्वतःचा लिहा आणि त्यांना वाचायला द्या. चाळिशीत असाल तरी लिहा, तरुण माणूस अचानक गेला तर घरच्यांना त्याच्या फोनचा पासवर्डसुद्धा माहीत नसतो.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. हे शांत मनाने करायचं काम आहे. कुणी खूप खचलेलं असेल आणि अचानक निरोपाचं लिहायला लागलं, वस्तू वाटायला लागलं, तर ती ही तयारी नव्हे. त्याच्याजवळ बसा, एकटं सोडू नका, आणि टेली मानसचा सरकारी हेल्पलाइन नंबर १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

## कागद ठेवायचा कुठे, आणि बाहेर काय जाऊ द्यायचं नाही?

बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, माणूस गेल्यावर लॉकर उघडायलाच कागदपत्रं लागतात. घरात ज्या फायलीत लाइट बिल आणि गॅसचं पुस्तक असतं तिथे ठेवा, घरातल्या एकाला आणि घराबाहेरच्या एकाला सांगा, फोटो काढून दोघांना पाठवून ठेवा. वर तारीख टाका. दर वाढदिवसाला काढून वाचा, बदललं असेल तर नवीन तारीख टाकून जुना फाडा, दोन वेगवेगळे कागद घरात राहिले की गोंधळ होतो.

फोनचंही त्यातच उरका. गूगलमध्ये इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून सोय आहे, तुम्ही ठरवलेले महिने, तीनपासून अठरापर्यंत, अकाउंट वापरलं गेलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसांना कळवतं आणि तुम्ही परवानगी दिलेले फोटो वगैरे त्यांना मिळतात. फेसबुक आणि अ‍ॅपलमध्येही आपल्यानंतर अकाउंट बघणारा माणूस नेमता येतो, त्याला लेगसी कॉन्टॅक्ट म्हणतात. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि छापायच्या मजकुरात पूर्ण जन्मतारीख, घराचा पूर्ण पत्ता, आईचं माहेरचं आडनाव असलं काही घालू नका. बँकेच्या सुरक्षेचे प्रश्न यावरच असतात आणि फसवणारे लोक निधन वार्ता वाचतात. अंत्ययात्रेची वेळ आणि पत्ता एकत्र छापला की त्या वेळी घर रिकामं असणार हेही आपणच जाहीर करतो, तेव्हा शेजारच्या कुणालातरी घरी बसवून जा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते हेही त्या फायलीत एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, त्या दिवसांत कुणाला काही आठवत नाही.

आईचा कागद आता दीड पानाचा आहे, आमच्या स्वयंपाकघरातल्या निळ्या फायलीत, नेत्रपेढीचा नंबर वर लाल पेनाने. गेल्या आठवड्यात तिचा सकाळी सकाळी फोन आला. म्हणाली, कागद काढ, ते इस्त्रीवाल्या काकांचं नाव मी चुकीचं लिहिलंय, काल त्यांचा मुलगा बाजारात भेटला त्याने बरोबर सांगितलं, लिहून घे. मी पेन शोधला, ती एकेक अक्षर सांगत होती आणि मी लिहीत होते.